पहिली सही, दुसरी सही

गोव्यात हिंदूंचे लग्न दोन ठिकाणी लागते. एक मांडवात, अंतरपाट धरून. दुसरे तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात, टेबलावर उघडून ठेवलेल्या जाडजूड नोंदवहीत. उत्तर गोव्यातल्या पेडण्यात किंवा डिचोलीत कुणाला सहज विचारावे, "पोराचे लग्न कधी?" तर उत्तर येते, "सय जाली, लगीन मे म्हयन्यांत." पुण्या-मुंबईचा पाहुणा हे ऐकून गोंधळतो. सही झाली म्हणजे लग्न झालेच ना? आणि झाले असेल तर मे महिन्यात काय आहे?

या गोंधळाचे नीट उत्तर लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलामुलींनाही पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणून हा लेख.

रीत अशी. वधू आणि वर दोघांनी कार्यालयात स्वतः जायचे. सोबत साक्षीदार, जन्माचे दाखले, रहिवासाचा दाखला. दोघांनी लग्नाचा इरादा जाहीर करायचा आणि त्याखाली सही करायची. ही पहिली सही. मग कार्यालय नोटीस लावते: अमुक अमुक व्यक्ती लग्न करू इच्छितात, कुणाची हरकत असल्यास कळवावे. पंधरा दिवसांची ही मुदत कुणी हरकत न घेता सरली की दोघांनी पुन्हा साक्षीदारांसह यायचे, आपला इरादा कायम असल्याचे सांगायचे आणि दुसरी सही करायची. कायद्याच्या लेखी विवाह होतो तो या दुसऱ्या सहीला. चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांची वाट थोडी वेगळी आहे. त्यांना रजिस्ट्रारचा ना-हरकत दाखला घेऊन पाद्रीकडे जावे लागते आणि चर्चमधल्या लग्नाची नोंद मागाहून सरकारी वहीत उतरते. नोंद मात्र कुणालाच चुकत नाही.

पहिल्या सहीलाच लग्न समजून बसलेल्या आणि दुसरीच्या वेळी मुलगा फिरकलाच नाही म्हणून फसलेल्या मुलींची दुःखे गोव्यातल्या स्त्री-संघटना वर्षानुवर्षे मांडत आल्या आहेत. घरात पेढे वाटले जातात, शेजारीपाजारी तिला त्याची बायको म्हणू लागतात, आणि वहीत मात्र ती कुणाचीच पत्नी नसते. दोन सह्यांमधला फरक मुलीला तिच्या भाषेत कुणीतरी आधीच समजावून सांगायला हवा. हे काम रजिस्ट्रारच्या कारकुनावर सोडून चालणार नाही. ते घरातल्यांचे आहे, आणि त्याहून अधिक त्या दोघांचे आहे.

लग्नाची तयारी दोघांनी मिळून करावी, असे आता सगळेच म्हणतात. त्यातून पुढे निघते ते शेरवानी कुठल्या रंगाची आणि स्टेजला फुले कुठली, एवढेच. माझे म्हणणे असे, की गोव्यात दोघांनी मिळून करायच्या तयारीचा खरा गाभा त्या दुसऱ्या सहीच्या आधी आहे. दुसऱ्या सहीनंतर एक गोष्ट कायमची ठरून जाते आणि ती मागाहून बदलता येत नाही. ती गोष्ट म्हणजे दोघांच्या मालमत्तेची व्यवस्था.

गोव्याच्या कायद्यात तिचे चार प्रकार आहेत. दोघांनी काहीच लिहून ठेवले नाही तर आपोआप पहिला प्रकार लागू होतो: सर्व मालमत्तेची समाईकी. लग्नाआधी त्याचे जे होते, तिचे जे होते आणि पुढे दोघे जे मिळवतील, ते काही अपवाद वगळता दोघांचे अर्धे अर्धे. दुसऱ्या प्रकारात लग्नानंतर मिळवलेलेच समाईक होते, आधीचे ज्याचे त्याचे राहते. तिसऱ्यात सगळेच वेगळे. चौथा हुंड्याच्या स्वरूपातल्या मालमत्तेचा, जो आज क्वचितच ऐकू येतो. पहिला सोडून दुसरा कुठलाही प्रकार हवा असेल तर लग्नाआधी नोटरीसमोर करारपत्र करावे लागते. लग्नानंतर "आम्हाला माहीत नव्हते" म्हणून येणाऱ्यासाठी कार्यालयात कुठलाही अर्ज नाही.

समाईकीचा अर्थ रोजच्या व्यवहारात फार खोलवर जातो. नवऱ्याला शेतजमीन विकायची असेल तर बायकोची सही लागते. बायकोच्या नावचा फ्लॅट विकायचा तर नवऱ्याची. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात तर गोव्यातल्या अशा जोडप्यांसाठी ५अ हे कलम मुद्दाम घालावे लागले: पगार सोडून बाकीचे उत्पन्न, म्हणजे घरभाडे, धंदा, व्याज, नवरा-बायकोत निम्मे निम्मे वाटून दोघांच्या नावे धरायचे. आईवडिलांना आपली सगळी मिळकत एकाच मुलाला देऊन मुलीला कोरडे ठेवता येत नाही, कारण अर्धा हिस्सा कायद्याने मुलांसाठी राखलेला असतो. मुलगा आणि मुलगी यांत तिथे भेद नाही. वारसाहक्काचे हे नियम आज २०१२ च्या गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि वाटणी कार्यवाही कायद्यात एकत्र आले आहेत. तो २०१६ च्या डिसेंबरात अमलात आला.

कागदावर इतके चांगले असूनही घरात काय घडते? लग्नाच्या आगेमागे मुलीपुढे एक कागद येतो. माहेरच्या मिळकतीवरला हक्क सोडल्याचा. "तुझे लग्न करून दिले, दागिने घातले, आता भावाच्या वाट्यात कशाला?" असा त्याचा सूर असतो. ती सही करते, कारण त्या दिवसांत नाही म्हणायला तिला जागाच नसते. मी या सहीच्या विरुद्ध आहे असे नव्हे. भाऊ आईवडिलांना सांभाळत असेल, घर लहान असेल, बहिणीचे भागत असेल, तर ती समजून-उमजून सोडूही शकते. पण हा कागद पंधरा दिवसांच्या धांदलीत, हळदीच्या अंगाने, न वाचता होऊ नये. आणि होणाऱ्या नवऱ्याला तो मागाहून कळू नये. ज्यांना पुढची तीस-चाळीस वर्षे एका छपराखाली काढायची आहेत त्यांनी एकमेकांच्या घरचे उतारे, कर्जे आणि कुळांचे, मुंडकारांचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचे) दावे लग्नाआधी पाहून घेणे यात लाज कसली?

पेडण्याच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. तालुक्याच्या उत्तरेला तेरेखोलची नदी आणि पलीकडे महाराष्ट्र. पत्रादेवी ओलांडली की बांदा, सातार्डा, सावंतवाडी. डिचोलीकडून निघालात तर दोडामार्ग. इथल्या सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या सीमेच्या दोन्ही बाजूंना होत आल्या आहेत. बोली एक, देव एकमेकांचे भाऊबहीण, दशावतार तोच. कायदा मात्र नदीच्या दोन काठांवर दोन तऱ्हांचा. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि मुक्तीनंतरही तो इथे लागू झाला नाही. त्या कायद्यात सप्तपदीची रूढी असलेल्यांचा विवाह सातवे पाऊल पडले की पूर्ण होतो. नोंदणी हा त्याचा पुरावा. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉली रानी खटल्यात स्पष्टच सांगितले, की त्या कायद्याखाली विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. म्हणजे सातार्ड्यात पावले मोजायची आणि पेडण्यात सह्या.

सीमेपलीकडच्या स्थळाशी लग्न ठरले की कुठला कायदा आपल्याला लागू होणार, हा प्रश्न म्हणून आधी विचारावा लागतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुझे पावलो कुतिन्हो यांच्या खटल्यात निर्णय दिला, की गोव्याच्या अधिवासी माणसाची मिळकत भारतात इतरत्र असली तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागू होईल. मुंबईत खोली आणि हरमलला माड-बागायत असलेल्या घरांनी हा निकाल समजून घ्यावा. बांद्याची सून आणि पेडण्याचा मुलगा यांनी तर हॉलची आगाऊ रक्कम भरण्याआधी एकदा जाणत्या वकिलाकडे एकत्र जाऊन यावे.

हा कायदा आला कुठून तेही थोडक्यात सांगतो, कारण पेडणे आणि डिचोली त्यात उशिरा आले. १७८० च्या दशकात डिचोली आणि साखळी, आणि १७८८ मध्ये पेडणे, सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या हाती गेले. हा नव्या काबिजादींचा, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा मिळवलेला मुलूख. जुन्या काबिजादींत देवळे पाडून, धर्म बदलून जे घडले ते इथे पुन्हा करण्याची सत्तेची तयारी नव्हती, म्हणून चालीरीती राखण्याचे वचन देण्यात आले. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० मध्ये गोव्यात लागू झाली, आणि १८८० च्या १६ डिसेंबरला हिंदूंच्या रूढींसाठी वेगळा हुकूम निघाला. त्यात ठराविक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर पतीला दुसरे लग्न करण्याची सवलत होती. गोव्याच्या समान कायद्याचे गोडवे गाताना हे विसरता कामा नये. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली आणि नव्या प्रजासत्ताकाने २५ डिसेंबरला केलेल्या कायद्यात विवाह हा दोन व्यक्तींमधला करार ठरला. पोर्तुगालने स्वतः १९६६ मध्ये नवी संहिता केली. गोव्यात मात्र १९६२ च्या भारतीय कायद्याने आधीचे कायदे चालू ठेवले, म्हणून लिस्बनमध्ये मागे पडलेले शब्द डिचोलीच्या कार्यालयात जिवंत राहिले.

दोन व्यक्तींमधला करार. शंभर वर्षांपूर्वी याच भूमीत हे शब्द ज्यांच्या वाट्याला येत नव्हते अशा स्त्रिया होत्या. देवळांच्या सेवेतल्या भाविणी आणि कलावंत घराण्यांतल्या मुलींचे शेंस नावाच्या विधीत लग्न लागे, पण नवऱ्यावाचून. मांडव असे, मुहूर्त असे, वाद्ये असत, आणि त्या दिवशी जे ठरे ते असे की या मुलीला आता संसार नाही. हिंदुस्थानी संगीताला थोर गळे देणाऱ्या या समाजाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आतूनच त्याविरुद्ध झुंज घेतली. राजाराम पैंगीणकर हे त्या चळवळीतले मोठे नाव. 'मी कोण?' हे त्यांचे आत्मचरित्र लग्न ठरलेल्या प्रत्येक गोमंतकीयाने वाचावे. मुलींची रीतसर लग्ने लागावीत, मुलांना बापाचे नाव मिळावे, एवढ्यासाठी घराघरांत भांडणे झाली, वाळीत टाकणे झाले. त्या समाजाने पुढे गोमंतक मराठा समाज असे नाव घेतले, आणि त्याच समाजात १९११ मध्ये पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. नवरा निवडण्याचा, त्याच्याशेजारी उभे राहण्याचा आणि त्या दिवसाचा आनंद घेण्याचा हक्क इथल्या काही आज्या-पणज्यांनी असा भांडून मिळवलेला आहे. म्हणून आजची एखादी मुलगी "आई-पप्पा ठरवतील ते" म्हणून आपल्याच लग्नात पाहुणी होऊन बसते तेव्हा मला वाईट वाटते.

वधूवरांनी लग्नात स्वतः बोलावे, हे मराठी माणसाला नवे नाही. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात पुरोहितावाचून पहिला सत्यशोधक विवाह झाला. सावित्रीबाईंचा त्यात पुढाकार होता. फुल्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात: ती स्त्रीच्या हक्काचे मागणे मांडते, तो वचन देतो. पाहुण्यांवर सोडलेली मंगलाष्टके त्या दोघांच्या तोंडी देणे ही केवढी मोठी गोष्ट होती.

आता मांडवाकडे येऊ. पेडणे-डिचोलीच्या गावांत लग्नाची सुरुवात देवापासून होते. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालायचे, पाकळी लावून प्रसाद घ्यायचा, कौल उजवा पडला की पुढची बोलणी. पहिले आमंत्रण कुलदेवाला, मग घरोघरी. माटव घालायला वाड्यावरचे पुरुष येतात, चुडा भरायला आणि हळदीला वाड्यावरच्या बायका. हे सारे काम गावाचे असते, आणि तसेच असावे असे मला मनापासून वाटते. लग्न फक्त दोघांचे, बाकीच्यांनी येऊन जेवून जावे, हा विचार मला पटत नाही. पेडण्याच्या भगवतीपुढे किंवा डिचोलीच्या शांतादुर्गेपुढे कुळाच्या नावाने गाऱ्हाणे घालणारा माणूस त्या दोघांना एका मोठ्या गोतावळ्यात नेऊन बसवतो. ते कुठल्या इव्हेंट कंपनीकडून विकत मिळत नाही.

पण गाऱ्हाण्याला बहुधा बापच जातो. मुलगा ऑफिसात, मुलगी घरात. दोघांनीही तिथे हजर राहावे असा नियम कुणीही करू शकतो, देवाची हरकत नसावी. हल्ली काही घरांत मुलगा-मुलगी कुलदेवाला आमंत्रण द्यायला जोडीने जातात, आणि ज्येष्ठांनी नाक मुरडण्याऐवजी कौतुक केल्याचे ऐकतो. खर्चाचेही तसेच. दोन घरांच्या दोन वह्या असतात आणि त्यांत एकमेकांपासून लपवलेले आकडे असतात. दोघांनी मिळून एकच वही केली, तिच्यात हॉल, जेवण, दागिने, कर्ज सगळे उघडे मांडले, तर मुलीच्या बापाने पतसंस्थेतून किती उचलले ते जावयाला कळते. ते कळल्यावर स्टेजवरच्या थर्माकोलच्या मोराचा हट्ट आपोआप गळून पडतो. जोडप्याने मिळून घ्यायचा सगळ्यांत मोलाचा निर्णय बहुतेक वेळा "हे नको" असाच असतो.

आता प्रत्यक्ष दिवस. आमच्याकडच्या लग्नात नवरा-नवरी सकाळपासून उपाशी असतात. मुहूर्त साधतो, विधी लांबतात, फोटो काढणारा मान वळवायला सांगत राहतो, आणि मग सुरू होते ती स्टेजवरची रांग. शेकडो हात, शेकडो पाकिटे, प्रत्येकासोबत एक फोटो. खाली पंगतीत खतखते, मुगागाठी, सोलकढी, मणगणे. ज्यांच्या लग्नाचे मणगणे ते त्याची चव घेतात तेव्हा ते थंडगार झालेले असते. संध्याकाळी रिसेप्शन, पुन्हा तीच रांग. रात्री दोघांना विचारा, दिवस कसा गेला? आठवतच नाही, असे पुष्कळ जण सांगतात.

यावर उपाय साधे आहेत आणि ते आधीच ठरवावे लागतात. लग्न लागल्यावर रांगेच्या आधी दोघांना पंगतीत बसवायचे, एकमेकांशेजारी, गरम पानावर. स्टेजवर उभे राहण्याऐवजी दोघांनी पंगतीतून फिरून माणसांना भेटायचे. म्हातारी माणसे स्टेजच्या पायऱ्या चढण्याच्या त्रासातून सुटतात, आणि आजीशी दोन शब्द बोलता येतात. एक करवली किंवा एक मित्र असा नेमायचा, की कॅटरर, भटजी, ड्रायव्हर, सगळ्यांचे फोन त्याच्याकडे. वधूवराच्या हातात त्या दिवशी फोन नको. आणि दुपारनंतरचा अर्धा-पाऊण तास खोलीचे दार लावून दोघांनी नुसते बसायचे. घरच्यांना हे विचित्र वाटेल, म्हणून आदल्या आठवड्यात आईला सांगून ठेवावे. आया समजून घेतात.

पेडण्याच्या किनाऱ्यावर लग्नाचे वेगळेच जग उभे राहिले आहे. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाल्यावर दिल्ली-बेंगळुरूची वऱ्हाडे थेट तालुक्यात उतरतात. समुद्राकडे तोंड करून मांडव, फेरे सूर्यास्ताला. त्या जोडप्यांकडून आमच्या मुलांनी एक गोष्ट घेण्यासारखी आहे: ती आपला दिवस तासातासाने आखतात आणि दोघे मिळून आखतात. त्यांनी आमच्याकडून घेण्यासारखे म्हणजे गावाची जाण. नोव्हेंबर ते मार्च हा लग्नांचा हंगाम, आणि तोच मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येण्याचा. त्यांना अंधार आणि शांतता लागते. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवायला सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. दहाच्या ठोक्याला संगीत थांबेल असे गृहीत धरून आखलेला समारंभ पोलीस येऊन बंद पडत नाही, आणि शेजारच्या वाड्यावरचे मूलही झोपते.

लग्नानंतरची पहिली चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, लक्षात ठेवावी. माहेरहून जावयाच्या घरी वजे जाते: करंज्या, लाडू, फळे, पाट्यांच्या पाट्या. हौसेने दिले तर याहून गोड दुसरे काही नाही. पण किती आणि काय याचा दबाव नव्या सुनेवर येतो, आणि लग्नाचे कर्ज फिटायच्या आत बाप पुन्हा उभा राहतो. ही गोष्टसुद्धा त्या एका वहीत, लग्नाआधी, दोघांनी लिहून टाकण्यासारखी आहे. मुलाने आपल्या आईला "एवढेच येईल" असे स्वतः सांगितले, तर सुनेला ते सांगावे लागत नाही.

लग्नांचे मुहूर्त निघू लागतात ते तुळशीच्या लग्नापासून. आमच्याकडे त्या दिवसाला व्हडली दिवाळी म्हणतात. वृंदावनाला उसाचा मांडव घातला, चिंचा-आवळे लागले, की दुसऱ्या दिवसापासून घरोघरी मुहूर्त पाहणे सुरू. ज्यांच्या घरी यंदा तारीख निघणार आहे त्या आईवडिलांना माझी विनंती आहे. हॉल ठरवा, भटजी ठरवा, ग्रामदेवतेचा प्रसाद घ्या. पण पहिल्या सहीच्या आधी मुलाला आणि मुलीला नोटरीकडे किंवा वकिलाकडे पाठवा, दोघांनाच, आणि तुम्ही बाहेर बाकावर बसा. मसुदा सहसा इंग्रजीत असतो. त्यातले प्रत्येक वाक्य मराठीत किंवा कोकणीत समजावून मागण्याचा त्यांना हक्क आहे. ते समजेपर्यंत घाई करू नका. मुहूर्त पुढचाही मिळेल.